चाक कोण फिरवतंय?

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पीण्या इंडस्ट्री मेट्रो स्टेशनच्या जिन्याशी उभं राहिलं की बातम्यांत भेटणारं बंगळुरू कुठल्या कुठे जातं. कूलंटचा वास मुरलेले शर्ट, नखांत बसलेलं काळं ग्रीस, तयार कपड्यांच्या कारखान्यांतून रिकामे डबे खुळखुळवत निघालेल्या बायकांचे घोळके. कन्नड असते, तमिळ असते, बिहारी हिंदी असते आणि कान दिलात तर बेळगावकडची मराठीही असते. सत्तरच्या दशकात वसलेलं हे औद्योगिक क्षेत्र म्हणजे लहानमोठ्या शेड्सचं एक अफाट गाव. इथे गिअर कातले जातात, डाय बनतात, शर्टांना कॉलर लागतात आणि एका कुंपणाआड चंद्रावरच्या यानाशी बोलणंही चालतं. त्याकडे पुढे येतो.

अशाच एका संध्याकाळी मेट्रोत शेजारी एक टर्नर बसला होता. खानापूर तालुक्यातला, तिशीतला. मांडीवरच्या पिशवीतून टाळांची दोरी बाहेर लोंबत होती, त्यावरून बोलणं निघालं. आठ तास लेथपाशी उभं राहायचं, खोलीवर जाऊन गच्चीत जोर-बैठका मारायच्या आणि गुरुवारी गावाकडच्या चार पोरांबरोबर भजनाला बसायचं, असा त्याचा क्रम. मी आपला बैठ्या माणसाचा प्रश्न विचारला: दिवसभर उभा असतोस, जॉब उचलतोस-ठेवतोस, वर आणखी व्यायाम कशाला?

तो हसला. म्हणाला, “काका, तिथं मशीन चालू असंपर्यंत मी चालू. हितं मी चालू असंपर्यंत बैठका चालू. फरक हाय की.”

फरक आहे खरा. तो किती मोठा आहे हे समजायला विज्ञानाला साठ-सत्तर वर्षं लागली आणि ती गोष्ट एका दुमजली बसमध्ये सुरू होते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचा डॉक्टर एका कोड्याच्या मागे लागला होता. हृदयविकाराचे झटके वाढत चालले होते आणि का, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मॉरिसनं लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१ हजार कामगारांच्या नोंदी घेतल्या. दुमजली बसमध्ये दोन माणसं कामाला. ड्रायव्हर पाळीभर बसून. कंडक्टर पाळीभर तिकिटं फाडत वर-खाली. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत होते. दोघांची वस्ती तीच, खाणं-पिणं तेच, डेपोही तोच. तरी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले तेव्हा दिसलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि त्यात मरण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास आहे.

पुढचा भाग मला याहून आवडतो. मॉरिसला स्वतःचीच शंका आली. मुळात सुटलेल्या पोटाचीच माणसं ड्रायव्हरकी पत्करत असतील तर? मग जिन्याचा काय प्रताप? त्यानं युनिफॉर्मच्या नोंदी मागवल्या आणि हजारो पँटींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच रुंद निघाल्या! ते त्यानं १९५६ साली प्रामाणिकपणे छापलं. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, जाडा ड्रायव्हर आणि जाडा कंडक्टर अशा जोड्या लावल्या तरी कंडक्टरच उजवा ठरत होता. स्वतःच्या निष्कर्षाला टाचणी लावून बघायला शिंप्याची वही वापरणारा शास्त्रज्ञ मला दुसरा माहीत नाही.

बस कंडक्टर म्हटल्यावर बंगळुरूत एक नाव निघणारच. शिवाजीराव गायकवाड, जन्म १९५०, बंगळुरूतल्या मराठी कुटुंबातला मुलगा. हमाली केली, मग बंगळुरू ट्रान्सपोर्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला. पाळी संपली की तो कन्नड पौराणिक नाटकांत कामं करायचा. दिवसा सुटे पैसे मोजणारा रात्री मुकुट चढवून रंगमंचावर उभा. त्याच नादानं पुढे त्याला मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटपर्यंत नेलं आणि १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’मधून तो रजनीकांत म्हणून पडद्यावर आला. रजनीकांत होणं लाखात एखाद्याच्याच वाट्याला येतं, म्हणून त्याचा दाखला देताना मला संकोच वाटतो. मला त्याच्या आधीचा माणूस दिसतो: ज्याला अजून काहीच मिळालेलं नाही, पहाटे पुन्हा ड्यूटीवर जायचंय, तरी जो संवाद पाठ करत बसलाय. असे कितीतरी जण त्या डेपोत असतील आणि त्यांची नावं कुठेच नाहीत.

आता कोडं असं. कष्टानं हृदय मजबूत होत असेल, तर पीण्यातल्या हमालाचं हृदय सगळ्यांत मजबूत असायला हवं. तसं होत नाही. कोपनहेगनमध्ये एक लाख चार हजार लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून २०२१ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फावल्या वेळात अंग हलवणाऱ्यांना हृदयविकार आणि अकाली मृत्यूचा धोका कमी होता. नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र तो जास्त होता. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशोब वजा करूनही! संशोधक याला शारीरिक श्रमांचा विरोधाभास म्हणतात. तेच स्नायू, तोच घाम आणि परिणाम उलटे.

कारणं शोधणारे काही साध्या गोष्टींकडे बोट दाखवतात. तासन्‌तास एकाच जागी उभं राहिलं, ओझं धरून ठेवलं की रक्तदाब चढलेला राहतो. हृदयाचे ठोके थोडेसेच वाढतात पण दिवसभर वाढलेले राहतात. व्यायामात उलट होतं: ठोके एकदम चढतात, मग उतरतात, मग शरीर विश्रांती घेतं, आणि घडण होते ती त्या विश्रांतीत. लेथवाल्याला विश्रांती सायकल टाइम देईल तेवढीच. लंडनचा कंडक्टर जिना धडधडत चढायचा, वर गेल्यावर कठड्याला टेकायचा, एखाद्या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलायचा, थांबा आला की उतरायचा. त्याचं काम आणि आपल्या टर्नरचं काम, दोन्हीला आपण ‘उभ्यानं करायचं काम’ म्हणतो. शरीराच्या दृष्टीनं त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, असं मला वाटतं.

हे झालं हृदयाचं. पण टाळवाला टर्नर हृदयविकार टाळण्यासाठी बैठका मारत नव्हता. त्याला जे मिळत होतं त्याला मराठीत उभारी म्हणतात. ती शोधायची तर एका क्रूर प्रयोगाकडे जावं लागतं.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काही कुत्र्यांना डोक्यानं एक फळी दाबली की झटका बंद करता येत होता. दुसऱ्या गटाला झटके तितकेच, तितकाच वेळ. पण त्यांच्या हातात, म्हणजे डोक्यात, काहीच नव्हतं. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे एक बुटकं कुंपण उडी मारून ओलांडलं की सुटका. पहिला गट चटकन उडी मारून गेला. दुसऱ्यातले बहुतेक तिथेच पडून राहिले, कण्हत. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव मिळालं आणि पन्नास वर्षं ते पाठ्यपुस्तकांत राहिलं.

मग मायरनं मानसशास्त्र बाजूला ठेवलं आणि मेंदूच्या आत बघायला सुरुवात केली. २०१६ साली त्या दोघांनी मिळून जाहीर केलं, की आम्ही गोष्ट उलटी सांगत होतो. असहायता शिकावी लागतच नाही. त्रास लांबला की मेंदूच्या बुडख्यातला एक जुना पेशीपुंज शरीराला आपोआप गप्प पाडतो, कासव कवचात जातं तसं. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट: माझ्या करण्यानं काही बदलतं, ही. कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागात ही जाणीव टिपली गेली, की तिथून खालच्या त्या पेशीपुंजाला ‘थांब’ असा निरोप जातो. आणि एकदा हा रस्ता पडला की तो पुढच्या, अगदी वेगळ्या संकटातही उपयोगी पडतो. आधी ताबा अनुभवलेला प्राणी नंतर ताबा नसलेल्या त्रासातही कोसळत नाही.

मला हे वाचून पीण्यातली ती कुंपणाआडची इमारत आठवली. इस्रोचं इस्ट्रॅक हे केंद्र इथेच, पीण्यात आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरलं तेव्हा आपण टीव्हीवर पाहिली ती खोली इथली. चाळीस दिवस या खोलीतून आज्ञा जात होत्या, यान ऐकत होतं. शेवटची सुमारे एकोणीस मिनिटं मात्र सगळा कारभार यानाच्याच हाती होता. पावणेचार लाख किलोमीटरवरून सुकाणू धरता येत नाही. त्या मिनिटांत ते सगळे तज्ज्ञ पडद्याकडे बघत बसण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. चार वर्षांपूर्वीच्या यानाचं काय झालं होतं तेही सगळ्यांना आठवत होतं. तरी चेहऱ्यांवर काळजी होती, असहायता नव्हती. मायरच्या सिद्धान्ताला हा पुरावा म्हणता येणार नाही, मला सुचलेली जोडी आहे इतकंच. चाळीस दिवस ज्यांचं यानानं ऐकलं होतं, त्यांना एकोणीस मिनिटं गप्प बसणं पेलवलं.

म्हणजे रोज पन्नास बैठका काढणाऱ्याच्या शरीराला रोज एक पुरावा मिळतो: मी ठरवलं आणि झालं. परवा पंचेचाळीस निघत होत्या, आज पन्नास. टार्गेट वाढलं तरी हिशोब त्याचाच.

इथपर्यंतची कथा इतकी नीटस आहे की तिच्यावर संशय घ्यावा. कोलोरॅडोतल्या बेंजामिन ग्रीनवूड आणि मोनिका फ्लेशनर यांनी तो घेतला. पिंजऱ्यात चाक दिलं की उंदीर स्वखुशीनं रात्रभर पळतात, आणि सहा आठवडे पळालेले उंदीर झटक्यांनंतर कवचात जात नाहीत, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. मग त्यांनी विचारलं, हा महिमा पळण्याचा की स्वखुशीचा? २०१३ साली त्यांनी काही उंदरांना मोटरनं फिरणाऱ्या चाकात घातलं. उंदराची इच्छा असो-नसो, चाक फिरलं की पळायचं. अपेक्षा अशी की हे उंदीर कोसळतील. ते कोसळले नाहीत! सपाट पट्ट्यावर, ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांना मात्र तो फायदा झाला नाही.

मेख चाकाच्या चालीत होती. त्या मोटरचा कार्यक्रम उंदराच्या नैसर्गिक पळण्यावरून बसवलेला होता: रात्री पळायचं, जरा थांबायचं, पुन्हा धूम. पट्टा आपला एकसारखा सरकत राहतो, कन्व्हेयरसारखा. म्हणजे इच्छेइतकीच, कदाचित जास्तही, लय महत्त्वाची. जिवाच्या मूळ चालीशी जुळणारी हालचाल त्याला सावरते, आणि न जुळणारी त्याला नुसतं दमवते. शिवणाच्या लाइनवर बसलेली बाई आणि पट्ट्यावरचा उंदीर अशी तुलना करायला मन धजत नाही, पण ती सुचल्याशिवायही राहत नाही.

चाकात पळणं हा पिंजऱ्यानं लावलेला चाळा असेल, अशी शंका पूर्वीपासून होतीच. हॉलंडमधल्या लायडनच्या योहाना मेयर यांनी ती तपासायला मोकळ्या बागेत आणि वाळूच्या टेकड्यांत एक चाक नेऊन ठेवलं, जवळ थोडं खाणं, आणि कॅमेरा लावला. रानातले उंदीर आले आणि पळाले. उतरून पुन्हा चढले. नंतर खाणं काढून घेतलं तरी यायचे राहिले नाहीत. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा यादीत उंदरांखेरीज बेडूक होते आणि गोगलगायीही होत्या. गोगलगाय चाक फिरवतेय! कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

पण लय, ताबा ही शब्दांची कामं झाली. स्नायूतून मनापर्यंत काहीतरी पोचत असलं पाहिजे की नाही? पोचतं, आणि त्याच वर्षी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये त्याची एक वाट सापडली. त्यांनी उंदरांना पाच आठवडे कर्कश आवाज, लखलखणारे दिवे आणि बिघडवलेली झोप यांत ठेवलं. (पाळ्यांत काम केलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल.) साधे उंदीर मलूल झाले. ज्यांचे स्नायू जनुकीय बदलानं व्यायाम केल्यासारखे घडवले होते, ते झाले नाहीत.

कारण असं. ताण आला की रक्तात कायन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो. तो मेंदूत शिरतो आणि उदासीशी त्याचा संबंध आहे. कमावलेल्या स्नायूत अशी विकरं तयार होतात जी हा पदार्थ रक्तातून उचलतात आणि त्याचं आम्ल करून टाकतात. त्या आम्लाला मेंदूची वेस ओलांडता येत नाही. व्यायामानंतर माणसांच्या स्नायूंचे नमुने तपासले तेव्हा तीच विकरं तिथेही वाढलेली मिळाली. संशोधकांना वाटलं होतं की स्नायू काहीतरी चांगलं रक्तात सोडत असेल. निघालं उलटं: तो वाईट काढून घेत होता, यकृतासारखा. मांडीचा स्नायू मनाची मोरी साफ ठेवतो ही कल्पना मला गेले कित्येक दिवस सोडत नाहीये. बैठका मारणाऱ्या आपल्या आजोबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग आम्ही काय सांगत होतो?

आता टाळ. एकट्यानं मारलेल्या बैठका आणि चौघांनी धरलेला ठेका यांत आणखी एक फरक आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑक्सफर्डच्या बारा नावाड्यांना यंत्रावर पंचेचाळीस मिनिटं वल्हवायला लावलं, एकदा एकेकट्यानं, एकदा गटानं एका ठेक्यात. खर्ची पडलेली ताकद सारखीच. नंतर रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळून दुखणं कितपत सोसतं ते पाहिलं. एका ठेक्यात वल्हवल्यावर ते लक्षणीय जास्त सोसलं गेलं. संशोधकांचा अंदाज असा, की सूर जुळला की शरीर स्वतःचं वेदनाशामक जास्त सोडतं. बारा माणसांचाच प्रयोग, त्यामुळे फार ताणू नये. पण लेझीम खेळलेल्या माणसाला तो पटवून द्यावा लागणार नाही. एकट्यानं लेझीम घेऊन दहा मिनिटांत खांदे भरून येतात. पन्नास जणांत हलगीवर तासभर निघून जातो आणि घरी आल्यावर कळतं की बोटाला फोड आलाय.

मुंबईच्या गिरणगावानं हे कुठल्याही प्रयोगाआधी ओळखलं होतं. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं एकेका खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीनं झोपत. दिवसाचे तास साच्यांच्या खडखडाटात जात. आणि त्यातूनच परळ-लालबागला व्यायामशाळा निघाल्या, कबड्डीचे संघ निघाले, भजनाच्या बाऱ्या रंगल्या, शक्ती-तुऱ्याचे सामने झाले, कामगारांची नाटकं उभी राहिली. साच्याचा ठेका अंगात भिनलेला माणूस ढोलकीवर हात टाकताना नक्की काय करत असेल? माझा तर्क असा, की तो कानातली एक लय दुसऱ्या लयीनं पुसत असावा. १९५३ च्या कायद्यानं कामगार कल्याणाचं सरकारी मंडळ आलं, केंद्रं निघाली, तिथेही हेच चालू राहिलं.

एक गोष्ट इथे बजावून सांगायला हवी. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर जे झालं त्याला कुठलीही व्यायामशाळा पुरी पडली नाही. बैठका आणि भजन हे पगाराला पर्याय नाहीत. कामगाराला मनोबलाचं व्याख्यान देऊन ओव्हरटाइमचे पैसे दडपणाऱ्यांच्या हाती हा लेख पडू नये अशी माझी इच्छा आहे.

राहता राहिली कला. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली गिरिजा कैमल यांनी ३९ जणांना पंचेचाळीस मिनिटं हवं ते करायला दिलं: माती, रंगीत पेनं, कागदाची कातरणं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक मोजलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांत ते उतरलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा या प्रयोगातला दोष. पण त्यातली एक नोंद फार गोड आहे. ज्यांना चित्रकला येत होती आणि ज्यांनी शाळा सुटल्यापासून ब्रश धरला नव्हता, त्यांच्यात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. शरीराला चित्र चांगलं आलंय का, याच्याशी देणंघेणं नाही.

बंगळुरूत व्यायाम आणि कला एकाच छपराखाली नांदवणारा माणूस होऊन गेला. के. व्ही. अय्यर. १९३० साली त्यांनी ‘मसल कल्ट’ लिहिलं, त्यातली त्यांची छायाचित्रं पाहून ग्रीक पुतळे आठवावेत. व्यायामशाळा चालवली, टपालानं जगभर व्यायाम शिकवला. आणि हाच माणूस कन्नडमध्ये ‘शांतला’ आणि ‘रूपदर्शी’ या कादंबऱ्या लिहून गेला! नाटककार टी. पी. कैलासम यांच्याशी त्यांची गाढ दोस्ती, नाटकमंडळींचा राबता. अय्यरांचं आणखी एक पुस्तक १९३७ चं, नाव ‘सूर्यनमस्कार’. त्या काळी या व्यायामाचा ध्यास घेतलेला दुसरा माणूस आपल्या साताऱ्याकडचा: औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार लावले, त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांचंही तसंच. सकाळी नमस्कार, मग ब्रश. रामायणाची चित्रं काढली, कीर्तनं केली, १९३८ साली औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभं केलं.

बंगळुरू आणि औंध यांच्यामध्ये एक माणूस ये-जा करत होता, आणि तो कारखान्यातला होता. मॉरिस फ्रीडमन, वॉर्सोत जन्मलेला इंजिनिअर. म्हैसूर सरकारचा विजेच्या साहित्याचा कारखाना त्यानं बंगळुरूत उभा करून चालवला. पीण्याच्या आधीच्या पिढीतला कारखाना म्हणा. राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याशी ओळख झाली आणि तो औंधला पोचला. १९३९ साली राजांनी सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या घटनेत फ्रीडमनचा हात होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ त्याच्या कल्पनेतून कैद्यांची एक वसाहत निघाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत; कैद्यांनी बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. नाव स्वतंत्रपूर. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) तिच्यावरून सुचला. मायरचे कुत्रे, ग्रीनवूडचे उंदीर यांच्या कितीतरी आधी या इंजिनिअरनं माणसाच्या हाती त्याची फळी परत देऊन पाहिली होती.

पीण्यातल्या शेडवाल्यांना, लाइन सुपरवायझरांना आणि एचआरच्या लोकांना म्हणून एक विनंती. जूनमध्ये एक दिवस सगळ्यांना एकसारखे पांढरे टी-शर्ट घालून, रांगेत बसवून, फोटो काढून योगदिन उरकण्याचा प्रकार मी एका कारखान्यात पाहिला आहे. नाव घेत नाही. तो पट्ट्यावरच्या उंदरांचा कार्यक्रम होता. त्यापेक्षा भंगार साठवलेला एक कोपरा मोकळा करा. तिथे दोन जोडी मुद्गल ठेवा, एक कॅरम, एक ढोलकी, शाळेच्या पोरांना देतात तसले रंग आणि कोरे कागद. पाळीच्या आधी किंवा नंतर पाऊण तास तो कोपरा उघडा ठेवा आणि कोण काय करेल ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. कुणी नुसतं बसून राहिलं तरी चालेल.

तिथे हजेरी मात्र घेऊ नका.